तो तिथं होता याचा कागद

माझं काम माणसं बघायचं नव्हतं, माणसांचे कागद बघायचं होतं. बहारीनच्या मनामा शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात मी सव्वीस वर्षं काढली. रिसेप्शनच्या मागे, एक्स-रेच्या शेजारी, खिडकी नसलेली खोली. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना अजून वाटतं की इक्बाल तिथं फायली लावायचा. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं काम म्हणजे डॉक्टर जे बोलतात ते विमा कंपनीला, वकिलातीला किंवा परदेशातल्या एखाद्या सरकारी खात्याला समजेल अशा कागदावर उतरवून घेणं. डॉक्टर घाईत असतात, खात्यातला माणूस दूर असतो, आणि मधे आजारी माणूस ताटकळत असतो.

बहारीनमध्ये परदेशी नाविक पूर्वीपासून येतात. नोकरी संपल्यावर त्यातले काही इथंच राहतात, कुणी वर्कशॉपमध्ये लागतं, कुणी लग्न करतं. अशा म्हाताऱ्या अमेरिकन लोकांचे कागद हळूहळू माझ्याकडेच यायला लागले, कारण दुसऱ्या कुणाला ते नको असायचे.

बाहेरच्या माणसाला हे प्रकरण थोडक्यात सांगतो. व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकन सैन्याने जंगलांवर तणनाशक फवारलं. झाडांची पानं झडावीत, शत्रूला लपायला आडोसा राहू नये म्हणून. छावण्यांच्या कुंपणाभोवतीही फवारलं. त्यातल्या सगळ्यात जास्त वापरलेल्या औषधाच्या पिंपांवर नारिंगी पट्टा असायचा. त्यात जे विष होतं ते अंगात मुकाट बसून राहिलं आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनी वर आलं. कुणाला कर्करोग, कुणाला मधुमेह, कुणाला कंपवात. ज्या गावकऱ्यांच्या डोक्यावर ते पडलं त्यांच्यासाठी माझ्याकडे कधी कुठला फॉर्म आला नाही. सैनिकांसाठी मात्र त्यांच्या सरकारने आजारांची एक यादी केली. आजार यादीतला असेल आणि तुम्ही त्या काळात त्या जमिनीवर होतात हे सिद्ध झालं, तर आजार फवारणीमुळेच झाला असं धरून चालतात. मग उपचार मिळतात, घरी मदतनीस मिळतो, माणूस त्या आजाराने गेला तर बायकोला आधार मिळतो.

आजार यादीत नसेल तर डॉक्टरांचं मत लागतं. आणि इथं मी माझ्या पहिल्याच प्रकरणात चूक केली. एक उंच, अबोल गृहस्थ होते, किडनीचा आजार. आमच्या डॉक्टरांनी पत्रात लिहिलं, ‘फवारणीमुळे असू शकेल.’ मी शिक्का मारला आणि पाठवून दिलं. अर्ज नामंजूर. पुढे मला कळलं की त्या खात्यात ‘असू शकेल’ला काही किंमत नाही. ‘असण्याची शक्यता निदान निम्मी तरी आहे’ असं लिहावं लागतं, आणि का ते सांगावं लागतं. आमच्या डॉक्टरांचं मत नेमकं तेच होतं, फक्त लिहिताना सवयीचा शब्द आला. दुसरं पत्र तयार होईपर्यंत ते गृहस्थ गेले. त्यांची बायको मला येऊन ‘थँक्यू’ म्हणाली. त्या थँक्यूने मी आजही अस्वस्थ होतो.

तेव्हापासून मी प्रत्येक पत्र दोनदा वाचायला लागलो. डॉक्टर वैतागायचे. चित्रविचित्र माणसंही भेटली. एकाने व्हिएतनामला सहलीला जाऊन तिथली माती बाटलीत भरून आणली होती, आमच्या लॅबने तपासून सर्टिफिकेट द्यावं म्हणून. लॅबमधला केरळचा टेक्निशियन बाटलीला हात लावेना. मी म्हातारबुवांना म्हटलं, ‘साहेब, मातीत विष सापडेल, पण तिच्यावर तुमचं नाव कुठं सापडेल?’ या धंद्यात खरी अडचण हीच. विष सिद्ध करायचं नसतं. आपण तिथं होतो हे सिद्ध करायचं असतं.

आता टॉम आणि लुसीचं सांगतो.

लुसी वेंगुर्ल्याची. सनाबिसच्या एका क्लिनिकमध्ये नर्सच्या हाताखाली काम करायची. मी रत्नागिरीकडचा, म्हणून पहिल्या दिवशीच तिने माझ्याशी मालवणी सुरू केली. तिचा नवरा टॉम, सत्तरी ओलांडलेला अमेरिकन. तरुणपणी नौदलात इंजिन मेकॅनिक, नंतर बहारीनमध्ये येऊन तुबलीच्या वर्कशॉपमध्ये बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. आता कंपवात. हात थरथरतात, चाल अडकते, आवाज इतका बारीक झालेला की लुसी त्याच्या तोंडाला कान लावून ऐकायची. कंपवात यादीत आहे. म्हणजे फक्त एकच गोष्ट हवी होती, तो तिथं होता याचा कागद.

लुसी माझ्या टेबलासमोर बसली आणि पिशवीतून एक पत्र काढलं. चुरगळलेलं, पुन्हा सपाट केलेलं.

‘गेल्या वर्साक ह्यां इलां. तेनी ड्रॉवरात टाकल्यान. माका सांगूक पण नाय. काल औषधां शोधताना गावलां.’

पत्रात लिहिलं होतं की अर्जदाराने व्हिएतनामच्या भूमीवर सेवा केल्याची नोंद उपलब्ध कागदपत्रांत आढळत नाही, सबब अर्ज नामंजूर. मी सवयीने आधी तारीख बघितली आणि कॅलेंडरवर आठवडे मोजले. फेरविचार मागायला वर्षाची मुदत असते. वर्ष संपायला पाच आठवडे उरले होते. मुदत गेली तरी पुन्हा अर्ज करता येतो, पण मग रांगेच्या शेवटी, पहिल्यापासून. लुसीने सांगितलेल्या अवस्थेवरून टॉम त्या रांगेला पुरेल असं वाटत नव्हतं.

‘टॉम काय म्हणतो?’ मी विचारलं.

‘म्हणता, खलास. ते माका खोटारडो समजतत, समजूंदेत.’

मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, अर्ज भरणं माझ्या अखत्यारीत नाही, त्याला अमेरिकेतला अधिकृत प्रतिनिधी लागतो. तो मिळतो, माजी सैनिकांच्या संघटनांकडे असतात. दोन, टॉमचे नौदलातले जुने कागद घेऊन ये. ते तिच्याकडे सीडीवर होते, तीनशेच्या वर पानं. तिने ती कधी उघडली नव्हती.

त्या शुक्रवारी मी तुबलीला त्यांच्या घरी गेलो. खाली गॅरेज, वर दोन खोल्या. टॉम खुर्चीत बसला होता. मला बघून म्हणाला, ‘या, गजाली करूक इलास?’ इतकं मालवणी त्याला यायचं. बाकी सगळं इंग्रजीत, तुटक तुटक. त्याने सांगितलं ते असं. त्याचं जहाज दुरुस्तीचं होतं आणि फिलिपिन्सच्या बंदरात उभं असायचं. म्हणून कागदावर तो कायम फिलिपिन्समध्येच होता. पण एकदा व्हिएतनाममध्ये, दा नांगला, नदीत गस्त घालणाऱ्या बोटींची इंजिनं एकदम बंद पडली आणि त्याला व वॉल्टर नावाच्या दुसऱ्या मेकॅनिकला अवजारांच्या पेट्यांसकट विमानात बसवून तिकडे पाठवलं. तीन आठवडे, फार तर चार. हुकूम तोंडी झाला की कागदावर, त्याला आठवत नव्हतं.

‘धक्क्याच्या बाजूला गवताचं पातं नव्हतं,’ तो म्हणाला. ‘सगळं जळाल्यासारखं तपकिरी. आम्ही रिकामी पिंपं कापून घेतली होती. त्यात डिझेल ओतून सुटे भाग धुवायचो. हातांनी.’

‘पिंपावर पट्टा होता?’

‘ग्रीस होतं. पट्टा बघायला वेळ कुणाला होता?’

‘वॉल्टर कुठं आहे?’

‘माहीत नाही. तिथून आल्यावर त्याची बदली झाली.’

लुसी चहा घेऊन आली. टॉमला कप धरता येत नव्हता, त्याला नळीने. तो चहा पिईपर्यंत आम्ही दोघं दुसरीकडे बघत राहिलो.

मी त्याचे कागद वाचायला घेतले. जेवणाच्या सुट्टीत, ड्युटी संपल्यावर, शनिवारी घरी. माझी बायको शमीम म्हणाली, ‘घरच्या माणसांची पत्रं कधी इतकी वाचली नाहीत तुम्ही.’ पहिल्या वाचनात काही नाही. बदल्या, लशी, पगाराच्या नोंदी, कानाची तपासणी. सगळीकडे जहाजाचं नाव आणि फिलिपिन्स. दुसऱ्या वाचनातही काही नाही. दोन आठवडे गेले. लुसी रोज फोन करायची आणि फक्त विचारायची, ‘इक्बालभाऊ?’ पुढचा प्रश्न ती करायची नाही. मी म्हणायचो, ‘बघतोय.’ अमेरिकेतली प्रतिनिधी बाई, जिच्याशी आम्ही फोनवर बोलायचो, ती भली होती, पण तिने स्पष्ट सांगितलं. नुसतं टॉमचं म्हणणं पाठवून उपयोग नाही, ते आधीच पाठवलेलं आहे. नवीन काही हवं.

तिसऱ्या वेळी मी ठरवलं की जी पानं मी उगाच सोडून देतोय तीच बघायची. धुरकट, कोरी, तिरकी. स्कॅन करणाऱ्याने कंटाळून ढकललेली. दोनशे काहीव्या पानावर एक राखाडी चौकोन होता. दोनदा मी तो खराब प्रिंट समजून पुढे गेलो होतो. पान उलटं स्कॅन झालं होतं. मी ते स्क्रीनवर सरळ केलं, काळेपणा वाढवला. दातांची चित्रं दिसायला लागली. दोन ओळींत बत्तीस दात. डेंटल कार्डाची मागची बाजू. खाली हाताने लिहिलेली एक ओळ, ‘अठरा नंबर, काढला’, तारीख, सही आणि अर्धवट उमटलेला शिक्का. शिक्क्यातली शेवटची चारच अक्षरं धड होती. एन, ए, एन, जी. दा नांगमधलं ‘नांग’.

मी खुर्ची मागे ढकलून उभा राहिलो. मग पुन्हा बसलो. कारण मागच्या बाजूवर नाव नव्हतं. नाव, नंबर सगळं पुढच्या बाजूवर असतं, आणि पुढची बाजू सीडीत पस्तीस पानं आधी होती. दोन्ही एकाच कार्डाच्या, हे कशावरून? मी दोन्ही प्रिंट काढले. पुढच्या बाजूचा उजवा वरचा कोपरा फाटलेला होता. मागच्या बाजूचा डावा वरचा, अगदी तसाच. पंचिंगची भोकंही जुळत होती. मला पुरेसं होतं. खात्याला पुरेल का, माहीत नव्हतं.

टॉमला फोन केला. फोनवर त्याचा आवाज येत नाही, म्हणून मधे लुसी. मी विचारलं, ‘नौदलात असताना कधी दात काढला होता?’ मग लुसी म्हणाली, ‘तो जीभ फिरवता तोंडात.’ आणि मग, ‘म्हणता, होय. दाढ. खूप दुखत होती. जहाजावर डेंटिस्ट नव्हतो. थंयच काढल्यानी, तंबूत. लाईट गेली, वॉल्टरान टॉर्च धरल्यान.’

आता मला हवा होता त्याच्या तोंडाचा एक्स-रे आणि आमच्या डेंटिस्टचं पत्र, की कार्डावरचा तोच दात याच्या तोंडात नाही. आमच्याकडे पुण्याच्या डॉ. मेघना होत्या. दुसऱ्याच दिवशी लुसीने टॉमला आणलं. एक्स-रेच्या मशीनमध्ये डोकं स्थिर ठेवायचं असतं, आणि कंपवाताच्या माणसाला ते सांगणं म्हणजे थट्टाच. चार वेळा काढला. चौथा आला.

मेघनाताईंनी फिल्म बघितली, कार्ड बघितलं आणि मान हलवली.

‘इक्बालभाई, अठरा नंबर जागेवर आहे.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे वरची उजवी अक्कलदाढ. ही बघा. कधी कुणी हातसुद्धा लावलेला नाही तिला.’

‘पण त्याची दाढ काढलीय. तो म्हणतो.’

‘खालची डावी नाहीये. पण कार्डावर अठरा लिहिलंय. मी खोटं कसं लिहू?’

त्यांचं बरोबर होतं. मी त्यांना खोटं लिहा म्हणणार नव्हतो. पण मी खाली माझ्या खोलीत आलो आणि दार लावून बसलो. तीन गोष्टी डोक्यात फिरायला लागल्या. कार्ड दुसऱ्या कुणाचं असेल. टॉमची आठवण चुकत असेल, या आजारात चुकते. किंवा, आणि हे मनात आल्याचं मला आजही वाईट वाटतं, टॉम कधी तिथं गेलाच नसेल. इतकी वर्षं एक गोष्ट सांगता सांगता माणूस स्वतःच ती खरी मानायला लागतो. मुदतीला अकरा दिवस होते. लुसी बाहेर बाकावर बसली होती आणि मला तिच्यासमोर जायचं धैर्य होत नव्हतं.

अर्ध्या-पाऊण तासाने इंटरकॉम वाजला.

‘इक्बालभाई, मी गाढव आहे!’ मेघनाताई ओरडतच होत्या. ‘अमेरिकेत दात वेगळे मोजतात! ते एकपासून बत्तीसपर्यंत सरळ मोजतात, वरच्या उजवीकडून सुरू करून. आपण प्रत्येक कोपऱ्याचा वेगळा नंबर लावतो. त्यांचा अठरा म्हणजे आपला सदतीस.’

‘सदतीस कुठला?’

‘खालची डावी. शेवटून दुसरी. तीच नाहीये त्याच्या तोंडात!’

मी बाहेर गेलो. लुसी उभी राहिली. तिला नंबरांचं सांगायला गेलो, पण तिला नंबर नकोच होते. तिने माझ्या तोंडाकडे बघून काय समजायचं ते समजून घेतलं आणि भिंतीला टेकून छातीवर क्रॉसची खूण केली. टॉम व्हीलचेअरमध्ये बसल्या बसल्या पुटपुटला, ‘यल्ला, घरी चला. माझा सगळा जबडा दुखतोय.’

मेघनाताईंनी दोन पानी पत्र लिहिलं. दात मोजण्याच्या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी, एक्स-रे, काढलेल्या दाताच्या जागचं हाड किती जुनं भरलंय ते, सगळं. मी ते चारदा वाचलं. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फाटलेले कोपरे दाखवणारा एक कागद मी स्वतः तयार केला. मुदतीच्या चार दिवस आधी प्रतिनिधी बाईचा निरोप आला की पोचलं.

मग वाट बघणं. या धंद्यात सर्वांत जास्त तेच असतं. महिने गेले. टॉम दोनदा पडला. लुसीने क्लिनिकची अर्धी ड्युटी सोडली. नोकरी पूर्ण सोडली तर तिचा व्हिसा जाणार, धरली तर टॉम घरी एकटा. ती फोनवर आता माझं नावही घेत नसे. फोन करायची, मी ‘अजून नाही’ म्हणायचो, ती ठेवायची.

उत्तराऐवजी तपासणीची तारीख आली. खातं आपल्यातर्फे डॉक्टर नेमतं आणि तो आजार किती आहे ते लिहून पाठवतो. नेमले गेले ते आमच्याच हॉस्पिटलचे न्यूरॉलॉजिस्ट, एक शांत इजिप्शियन गृहस्थ. मला वाटलं, आता सोपं. पण टॉम त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, औषधाचा जास्तीचा डोस घेऊन आला. औषध चढलेलं असताना तासभर हात बऱ्यापैकी स्थिर असतात. आपण परीक्षेला चाललोय आणि पास व्हायचंय, असं त्याच्या डोक्यात होतं.

मी माझ्या खोलीत होतो. दहा मिनिटांत नर्स धावत आली. ‘इक्बालभाई, आप आओ, वो मैडम क्या बोल रही है, डॉक्टर को कुछ समझ नहीं आ रहा.’

आत टॉम ताठ बसला होता. डॉक्टर विचारत होते, टॉम उत्तरं देत होता. चालता येतं? येतं. जेवता येतं? येतं. त्रास? थोडा. आणि लुसीचं सगळं इंग्रजी त्या क्षणी पळून गेलेलं. ती मालवणीत बोलत सुटली होती.

‘इक्बालभाऊ, सांगा डॉक्टराक, तो खोटां बोलता! तेका चमचो धरूक येणा नाय. हे बटणां मी लायलंय. दाढी मी केलंय. काल बाथरूमात पडलो तो सांगणा नाय!’

मी इंग्रजीत सांगितलं, एकही शब्द कमी-जास्त न करता. टॉमने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दगा दिलाय. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. टॉमला म्हणाले, ‘तुम्ही वरचं एक बटण काढून पुन्हा लावून दाखवाल? सावकाश. मला घाई नाही.’

टॉमने हात वर नेला. बटण निघालं. लावताना बोटं कापडावरून घसरत राहिली. बऱ्याच वेळाने त्याने हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली. डॉक्टर उठले, त्यांनी स्वतः ते बटण लावलं आणि म्हणाले, ‘मिस्टर टॉम, तुमची ही मेहनत मी लिहितो. इथं धीट माणसाचं नुकसान होतं.’

दोन महिन्यांनी निर्णय आला. लुसीने पाकीट न फोडताच माझ्याकडे आणलं. आता तिला कुठलंही पाकीट स्वतः फोडायची भीती वाटायची. टॉमसमोर वाचायचं म्हणून आम्ही तुबलीला गेलो. मी मोठ्याने वाचलं. अर्ज मंजूर. उपचार, मदतनीस, सगळं. मी पुढच्या पानावर गेलो तर टॉमने हात हलवला. मागचं वाच. त्याला मंजुरीचं वाक्य नको होतं, त्याच्या वरचं हवं होतं. मी वाचलं, की दंतोपचाराच्या नोंदीवरून अर्जदाराची व्हिएतनामच्या भूमीवरील उपस्थिती मान्य करण्यात येत आहे.

‘म्हणजे मी होतो तिथं,’ टॉम म्हणाला.

‘होतास रे बाबा,’ लुसी म्हणाली. ‘माका पैल्यापास्नां ठावक.’

थोड्या वेळाने त्याने विचारलं, ‘आणि वॉल्टर?’

प्रतिनिधी बाईने वॉल्टरचा पत्ता मधल्या काळात काढलाच होता, साक्षीदार म्हणून. तो फुप्फुसाच्या कर्करोगाने केव्हाच वारला होता. त्याच्या बायकोनेही अर्ज केला होता आणि तिलाही तेच पत्र आलं होतं. नोंद आढळत नाही. वॉल्टरने तिथं दात काढून घेतला नव्हता. तो फक्त टॉर्च धरून उभा होता.

टॉम म्हणाला, ‘मी सांगतो तो होता.’

लुसीने आणि मी आळीपाळीने त्याच्या तोंडाजवळ कान नेला आणि मी त्याचं निवेदन टाइप केलं. विमान, पेट्या, कापलेली पिंपं, तंबू, टॉर्च. सही त्याने स्वतः केली. अंगठा चालेल, मी म्हटलं. नको म्हणाला. कंपवातात अक्षर बारीक होत जातं, पहिलं अक्षर मसुराएवढं, शेवटचं खसखशीएवढं. त्याला तीन कागद लागले. पहिल्या दोन्हींवर लेखणी घसरली. तिसऱ्यावर नाव उमटलं, रेघेच्या खूप खाली, पण वाचता येण्यासारखं.

त्यानंतर टॉम वर्षभरही राहिला नाही. लुसी आता वेंगुर्ल्याला असते. तिची विधवेची फाईल मीच माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही महिन्यांत पूर्ण केली, आणि ती बिनतक्रार मंजूर झाली. अशा फाईलबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. पण टॉम असतानाच एका दुपारी मी त्यांच्याकडे असताना अमेरिकेहून फोन आला. वॉल्टरच्या बायकोचा. तिला मंजुरीचं पत्र मिळालं होतं. टॉम तेव्हा अंथरुणावर, बोलणं जवळजवळ बंद. लुसीने फोन त्याच्या कानाला लावला. पलीकडून ती बाई एकसारखी बोलत होती, थँक्यू, थँक्यू, मधे रडत होती, आणि टॉम डोळे मिटून ऐकत होता. मग त्याचे ओठ हलले. लुसीने कान खाली नेला, ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि कधी नव्हे ती मोठ्याने हसली.

‘काय म्हणतो?’ मी विचारलं.

‘म्हणता, थँक्यू माका नको,’ लुसी डोळे पुसत म्हणाली. ‘दाढ काढलल्या त्या डॉक्टराक सांग म्हणता. इंजेक्शन न देताच काढल्यान मेल्यान.’